डोळ्यांदेखत

शिर्डीच्या रामनवमीच्या यात्रेत पूर्वी तंबूतला सिनेमा यायचा. साल १९७०च्या आगेमागे असावे. शिर्डी तेव्हा कोपरगाव तालुक्यात होती आणि मी चौथी-पाचवीत होतो. पालखी झाली, कुस्त्या झाल्या, रेवड्या खाऊन झाल्या, की रात्री आमचे अख्खे कुटुंब सतरंजी काखोटीला मारून तंबूकडे निघे. पुढे जमिनीवर बसणारे, मागे बाकांवर बसणारे आणि मधोमध बायका-पुरुषांच्या मध्ये बांधलेली दोरी. त्या रात्री तंबूत ‘पाठलाग’ होता.

माझी आजी सिनेमाला यायची ती देवादिकांचे काही असेल या आशेने. इथे देव नव्हते. एका वकिलाचे घर होते, त्याची लाडकी बायको होती, आणि चित्रपट नीट सुरू होतो न होतो तोच ती बायको आजारपणात गेली. आजीने डोळ्यांना पदर लावला. सगळा तंबू हळहळला. आणि मग पोलिसांनी पकडलेली एक बाई समोर आली. तेच नाक, तेच डोळे. आपणच वकिलाची बायको आहोत, असे ती सांगू लागली. घरातल्या, नवरा-बायकोशिवाय कोणाला ठाऊक असू नयेत अशा गोष्टी बोलू लागली.

तेवढ्यात रीळ संपले. तंबूत दिवे लागले. यंत्र एकच, त्यामुळे नवे रीळ चढेपर्यंत थांबणे आले. त्या चार-पाच मिनिटांत आमच्या सतरंजीवर खटला उभा राहिला. बाई खरी की खोटी? आजीचा निवाडा ठाम होता. ही खोटी आहे, कारण खरी आपल्या डोळ्यांदेखत गेली. धाकटी आत्या म्हणत होती, पण हिला घरातले सगळे कसे माहीत? आजीपाशी उत्तर नव्हते. घरी परतताना बैलगाडीत ती गप्प होती.

पुढे मी बँकेत लागलो, कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या एक-दोन रहस्याच्या वाटेने गेल्या. पहिल्या प्रकरणात वाचकाला धरून कसे ठेवायचे, हा प्रश्न पडला की मला शिर्डीची ती सतरंजी आठवते. आणि आठवतात तो खटला उभा करणारे राजाभाऊ परांजपे.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१०चा, मिरजेचा. तंतुवाद्यांचे आणि गाण्याचे हे गाव. कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. तिथे बाबूराव पेंटरांनी मराठी चित्रपटाची पायवाट पाडली होती आणि १९२९ साली ‘प्रभात’ उभी राहिली होती. नाटक आणि सिनेमा यांच्या उंबरठ्यावरच हा मुलगा वाढला. आधी रंगभूमी, मग भालजी पेंढारकरांच्या हाताखाली सहायकाचे काम, जोडीला लहानमोठ्या भूमिका. दिग्दर्शक म्हणून नाव झाले ते १९४८च्या ‘जिवाचा सखा’पासून, म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षी. तोवर कॅमेऱ्याच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे उभे राहून झाले होते.

मग ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके आणि राजाभाऊ ही त्रयी जमली. शब्द, सूर आणि चित्र. १९५० साली ‘पुढचं पाऊल’ आला. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ असे दोन बार एकाच वर्षी उडाले आणि मराठी घरांत राजाभाऊ हसवणारे म्हणून जाऊन बसले.

या हसवणाऱ्याने पुढे रहस्यपट कसा केला, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. ‘लाखाची गोष्ट’ आठवा. मुलीच्या श्रीमंत बापाची अट अशी, की लग्न हवे असेल तर दिलेले लाख रुपये ठरल्या मुदतीत खर्चून दाखवायचे. ही अट प्रेक्षकाला आधीच समजलेली. त्यामुळे पुढे खिशात येणारा प्रत्येक रुपया आपल्याला टोचू लागतो. नायक हसतो, आपण दिवस मोजतो.

इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत गाजलेला आल्फ्रेड हिचकॉक (१८९९–१९८०) हेच तत्त्व बॉम्बच्या दाखल्याने समजावून सांगत असे. टेबलाभोवती माणसे गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे त्याला आधी दाखवले, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा त्याला घाम फोडतात. राजाभाऊंच्या टेबलाखाली बॉम्बऐवजी लाख रुपये होते, इतकेच.

दुसरी तयारी ‘ऊन-पाऊस’मध्ये झाली. साल १९५४. म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको. उतारवयात मुले त्यांची वाटणी करून घेतात, एक इकडे, एक तिकडे. राजाभाऊंनी स्वतः मास्तर उभा केला, सोबत सुमती गुप्ते. तेव्हा त्यांचे वय अवघे चव्वेचाळीस. मराठी घर कशाने हलते, ताटावरच्या कोणत्या शब्दाने डोळ्यांत पाणी येते, हे त्यांना किती नेमके कळत होते ते इथे दिसते. पुढे ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) आला, ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३) आला. या दुसऱ्या चित्रपटात छोटा सचिन पहिल्यांदा पडद्यावर दिसला.

आणि १९६४ साली ‘पाठलाग’. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतलेला होता. डॉक्टर काशिनाथ घाणेकर वकील झाले, भावना यांच्याकडे नायिकेचे अवघड काम आले. गाणी माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचे.

रहस्यपटाच्या सुरुवातीला दिग्दर्शकाच्या हाती ढोबळमानाने चार गोष्टी असतात. कॅमेरा कोणाच्या नजरेने पाहतो, ही पहिली. एखादा चेहरा किंवा बंद दार पडद्यावर किती वेळ ठेवायचे, ही दुसरी. गरजेपेक्षा दोन क्षण जास्त ठेवले, की बघणारा चुळबुळू लागतो. आवाज कुठे तोडायचा, ही तिसरी. चालू घड्याळ थांबले की झोपलेला माणूसही जागा होतो. आणि चौथी सगळ्यांत महत्त्वाची: प्रेक्षकाला काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे.

सर्वसाधारण रहस्यपट पहिल्या तीन गोष्टींवर भागवतो. काळोखी रात्र, जिन्यावरची सावली, दाराची करकर. प्रेक्षक सावध होतो, पण सावध झालेला प्रेक्षक फसत नाही, तो पहिल्यापासून संशयच घेत बसतो. ‘पाठलाग’ची गंमत चौथ्या गोष्टीत आहे. इथे सुरुवातीचा मृत्यू कोडे म्हणून येत नाही, दुःख म्हणून येतो. आपण त्या घरात शेजाऱ्यासारखे उभे असतो आणि एक बाई गेली म्हणून रडतो. रडणारा माणूस संशय घेत नाही. राजाभाऊ आपल्याला प्रेक्षक ठेवत नाहीत, साक्षीदार करतात. मग तीच बाई जिवंत समोर आली, की वकिलाइतकेच आपणही अडकतो. तिला खरी मानावी, तर स्वतःचे डोळे खोटे ठरतात. खोटी मानावी, तर ती बोलते ते खोटे वाटत नाही.

हिचकॉकच्या १९५८च्या ‘व्हर्टिगो’तही डोळ्यांदेखत मेलेल्या बाईसारखी दुसरी बाई भेटते. पण तिथला मृत्यू चित्रपट बराच पुढे गेल्यावर येतो. सुरुवातीला आहे तो छपरांवरचा पाठलाग आणि पन्हाळीला लोंबकळणारा नायक. छातीत धस्स होते ते उंचीमुळे. आपल्याकडे उंच इमारतींची गरज लागली नाही. एक मराठी घर पुरले, कारण त्या घरावर आपला जीव जडवण्याची कला राजाभाऊंनी आधीची सोळा वर्षे घोटली होती.

‘पाठलाग’ला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. १९६५ साली तो तमिळमध्ये ‘इदय कमलम’ या नावाने झाला आणि १९६६ साली राज खोसलांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला. सुनील दत्त, साधना, उदयपूरचे तळे आणि सगळे रंगीत. हिंदी चित्रपट देशभर गाजला. आज बहुतेकांना तोच ठाऊक आहे. मूळ चित्रपट मागे राहिला आणि सायाच खरा मानला गेला, हे या कथेला साजेसेच झाले म्हणायचे.

राजाभाऊ मात्र आपल्या वाटेने चालत राहिले. ‘पडछाया’, ‘गुरुकिल्ली’, ‘काका मला वाचवा’ हे त्या पुढच्या दोन-तीन वर्षांतले. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी ते गेले, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

बँकेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी अधिकारी असताना एक म्हातारी दरवर्षी येई. नवऱ्यामागे तिला कुटुंबवेतन मिळे. एके वर्षी ती आजारपणामुळे आलीच नाही आणि पैसे थांबले. काही महिन्यांनी काठी टेकत माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. मी तिला वर्षानुवर्षे ओळखत होतो, तरी समोर अर्ज सरकवला, अंगठा घेतला, नोंदी ताडून पाहिल्या. कागद पुरा झाल्यावर तिने अगदी साधेपणाने विचारले, की आता आपण जिवंत आहोत ना. मला हसता आले नाही. ‘पाठलाग’मधली बाई त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने भेटली. स्वतःच्या माणसांपुढे उभे राहून मीच ती, असे पटवावे लागणे, याहून मोठी भीती कोणत्या काळोखात असणार?

सुटीत नातवंडे येतात, मोबाइलवर परदेशी रहस्यमालिका बघत बसतात. पहिल्या पाच मिनिटांत तीन खून पडतात आणि मुले चिवडा खात असतात. गेल्या दिवाळीत मी त्यांना जबरदस्तीने ‘पाठलाग’ लावून दिला. कृष्णधवल म्हणून आधी नाके मुरडली. अर्ध्या तासाने मी मुद्दाम मध्येच बंद केला, तंबूतले रीळ संपायचे तसा, आणि चहा टाकायला उठलो. स्वयंपाकघरात ऐकू येत होते. थोरली म्हणत होती ती बाई खरीच आहे, आणि धाकटा हट्टाने सांगत होता, की शक्यच नाही, ती मेलेली त्याने स्वतः पाहिली आहे.