आनंदीबाईंच्या गावात सहा महिने

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत सहा महिने मुक्काम ठोकणाऱ्या आयांची आता एक जमातच झाली आहे. मीही त्यातलीच! माझी लेक फिलाडेल्फियात राहते. मी पोचले तेव्हा बाळ यायला महिनाभर अवकाश होता. डिंकाचे लाडू झाले, दुपटी शिवून झाली, मग रिकाम्या वेळेचं करायचं काय? सुट्टीच्या दिवशी जावयांबरोबर आणि एरवी एकटीनं, असं मी शहर बघायला सुरुवात केली.

हे शहर म्हणजे अमेरिकेचं जन्मगावच. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ साली राज्यघटना जिथे तयार झाली तो इंडिपेंडन्स हॉल पाहिला. तडा गेलेली लिबर्टी बेल पाहिली. एल्फ्रेथ्स ॲलीतली विटांची इवली इवली घरं पाहिली. सिटी हॉलच्या मनोऱ्यावरचा विल्यम पेनचा पुतळा तर लांबूनही दिसतो. पण प्रत्येक ठिकाणी मनात एकच यायचं, हे आपल्या आनंदीबाईंनीही पाहिलं असेल का?

हो, आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी! १८८३ ते १८८६ त्या याच शहरात शिकत होत्या. तेव्हा सिटी हॉलचं बांधकाम चालूच होतं. वरचा पुतळा १८९४ साली चढला, म्हणजे तो काही त्यांना दिसला नाही. आणि १८८५ साली लिबर्टी बेल प्रदर्शनासाठी काही महिने चक्क न्यू ऑर्लिन्सला गेली होती!

मग एका सकाळी मी जावयांना म्हटलं, आज मला नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूला न्या. गिरार्ड कॉलेजच्या लांबलचक दगडी भिंतीजवळचा हा भाग. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. इथे एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया होतं. केवळ बायकांना डॉक्टर करण्यासाठी १८५० साली सुरू झालेली ही संस्था. पुढे १९३० साली ती शहराच्या ईस्ट फॉल्स भागात हलली. फोटो काढण्यासारखं काहीच नव्हतं, पण माझे पाय तिथून निघेनात.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, तेही वीसेक वर्षांनी मोठ्या गोपाळराव जोशांशी. ते पोस्टात नोकरीला होते. बायकोनं शिकलंच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. पण तऱ्हा कसली! अंगावर पुस्तकं भिरकावणं, मारहाण, सोडून जाण्याच्या धमक्या. हे सगळं आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेहून त्यांनाच पत्रात स्पष्टपणे लिहिलं. आपल्या मनात गोपाळरावांची जी देवमाणसाची प्रतिमा असते, तिला इथे धक्का बसतो. तरी त्याच पत्रव्यवहारात कृतज्ञताही आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकत्र पचवणं जड जातं.

पण डॉक्टर व्हायचं, हे नुसतं नवऱ्याचं वेड नव्हतं. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. बाईमाणसाला दाखवायला बाई डॉक्टर नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात तिथे रुजली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी गोपाळरावांचं एक छापलेलं पत्र वाचलं आणि आपणहून संपर्क साधला. त्यातून मावशी-भाचीचं नातं जुळलं. १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अठरा वर्षांची ही मुलगी बोटीत बसली. नवरा बरोबर नाही, सोवळंओवळं, शाकाहार, साडी सगळं सांभाळायचं! कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी तिला आधार दिला. थंडीत नऊवारीनं पाय उघडे पडतात म्हणून तिनं गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. पण ती थंडी आणि ते खाणं अंगाला मानवलं नाहीच. प्रकृती ढासळत गेली.

इथे मला माझ्या घरातलं सांगायला हवं. यथावकाश माझा नातू जन्मला. त्याचा दहावा दिवस आला तसं मला काही सुचेना. तो दुपट्यात मस्त झोपला होता, लेक शेजारी जेवत होती. वाटलं, याच दिवसापाशी त्या पोरीचं सगळं संपलं होतं. माझ्या आजीची सात बाळंतपणं झाली, मुलं वाचली चार. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, ते नशीब म्हणून सोडून दिलेलं. चौदा वर्षांच्या आनंदीनं ते नशीब म्हणून सोडलं नाही. पदवीच्या प्रबंधासाठीही तिनं विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा!

११ मार्च १८८६ला त्यांना पदवी मिळाली. गोपाळराव तोवर अमेरिकेत आले होते. पंडिता रमाबाईही समारंभाला होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही झाली. पण त्या विभागात त्या एक दिवसही काम करू शकल्या नाहीत. क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊन त्या नोव्हेंबरात परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं नव्हतं.

मग एवढं सोसून काय मिळवलं, असं कुणीही विचारील. लेकीनंही विचारलं. मी तिला एक फोटो दाखवला. १८८५चा, या कॉलेजच्या संग्रहात जपलेला. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली, शेजारी शेजारी. ओकामी पुढे जपानमध्ये डॉक्टर म्हणून खूप जगल्या. आपल्या आनंदीबाईंना तो काळ मिळाला नाही. पण बाई डॉक्टर होऊ शकते का, हा प्रश्न त्यांच्यानंतर आपल्याकडे तसा उरला नाही.

परतण्याआधी आम्ही मुद्दाम न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला गेलो. तिथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंच्या अस्थी आहेत. गोपाळरावांनी त्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या होत्या. कुणी तुमच्यापैकी तिकडे लेकीकडे गेलं, तर स्वातंत्र्यदेवी बघाच, पण एक दिवस यासाठीही राखून ठेवा. जाताना दोन फुलं मात्र न्यायला विसरू नका.