मटारच्या रोपाने मिळवून दिलं भांडवल! दादासाहेब फाळके यांची स्टार्टअप स्टोरी

डोक्यात भन्नाट आयडिया आहे, पण पैसे लावायला कोणीच तयार नाही? शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाची हीच अडचण होती. आज आपण त्यांना भारतीय सिनेमाचे जनक म्हणून ओळखतो. चला, धुंडिराज गोविंद फाळके म्हणजेच दादासाहेबांनी हे कोडं कसं सोडवलं ते पाहूया.

सुरुवात चाळिशीत

१८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म. फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा धंदा. पण भागीदारांशी पटलं नाही आणि छापखाना सुटला. त्यानंतर गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि ठरवलं, आपल्या देवादिकांच्या गोष्टी अशाच पडद्यावर आणायच्या. रात्रंदिवस अभ्यास करताना काही काळ त्यांची दृष्टीही गेली. उपचारांनी ती परत आली.

दोन महिन्यांत तयारी

विमा पॉलिसी गहाण टाकून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं मशीन मागवलं आणि एप्रिलमध्ये परत आले.

डेमो असा होता

आता खरी अडचण. चित्रपट बनवायला मोठी रक्कम हवी आणि लोकांना हा वेडेपणा वाटत होता. मग दादासाहेबांनी काय केलं? कुंडीत मटार पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र अंकुर फुटून रोप मिनिटभरात वाढताना दिसलं! मोबाइलमधला टाइमलॅप्स मोड हेच काम करतो.

ही छोटी फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली. यशवंतराव नाडकर्णींसारखे काही जण कर्ज द्यायला तयार झाले. तरीही घरचे दागिने गहाण पडलेच. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडणं, ती डेव्हलप करणं शिकल्या, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाकही बघत होत्या.

लाँच

तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला उभं केलं. सुमारे सात महिन्यांत ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. तो चालला आणि कर्जही फिटलं.

पण गोष्ट इथे संपत नाही

१९१८ मध्ये पैसेवाले भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून पुन्हा खटके उडाले. दादासाहेब सगळं सोडून काशीला गेले, काही वर्षांनी परतले, पण पूर्वीसारखी सत्ता हातात राहिली नाही. पुढे बोलपट आले आणि ते मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं.

आपण काय शिकायचं?

पैसे मागायला जाताना नुसती आयडिया सांगू नका, छोटी का होईना, चालणारी वस्तू दाखवा. आणि पैसे घेण्याआधी विचारा, कंपनीत शेवटचा शब्द कोणाचा? पहिली गोष्ट दादासाहेबांना उत्तम जमली. दुसरी त्यांना फार महागात पडली.