शिक्षक-शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम

थोर शास्त्रज्ञ म्हटला म्हणजे मोठे विद्यापीठ, मोठी प्रयोगशाळा आणि राजमान्यता ही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु विजेच्या दिव्याचे मर्म ज्यांच्या नियमाने उलगडते, ते जॉर्ज सायमन ओहम हे कुलुपे घडविणाऱ्या एका कारागिराचे पुत्र होते, आणि आपले सर्वांत मोठे कार्य त्यांनी एका शाळेत शिक्षक असताना केले. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

ओहम ह्यांचा जन्म जर्मनीतील एर्लांगेन गावी १६ मार्च १७८९ रोजी झाला. दहाव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. वडिलांस शालेय शिक्षण मिळालेले नव्हते. तथापि स्वतःच्या कष्टाने त्यांनी गणित व शास्त्र आत्मसात केले आणि आपल्या मुलांस घरीच शिकविले. पुढे १८०५ साली जॉर्ज विद्यापीठात गेला. पण तेथे त्याचे मन अभ्यासापेक्षा नृत्य, बिलिअर्ड आणि बर्फावरील घसरखेळ ह्यांतच अधिक रमले. वडिलांस हे रुचले नाही. त्यांनी त्यास विद्यापीठातून काढले, आणि सतराव्या वर्षी तो स्वित्झर्लंडमध्ये गणिताचा शिक्षक झाला. आता मात्र त्याने कंबर कसली, व १८११ साली डॉक्टर ही पदवी संपादन केली.

सन १८१७ मध्ये ओहम कोलोन शहरातील, पूर्वी जेझुइट धर्मगुरूंनी चालविलेल्या हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील प्रयोगशाळा सुसज्ज होती. तार लांब केली असता तिच्यातून वाहणारा विद्युत्प्रवाह किती कमी होतो, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. ह्यासंबंधी १८२५ साली त्यांनी एक नियम प्रसिद्ध केला. परंतु तो चुकीचा होता. त्या काळच्या विद्युद्घटाचा जोर क्षणोक्षणी बदलत असे, त्यामुळे मोजमाप बिघडले होते. ओहम खचले नाहीत. त्यांनी तांबे व बिस्मथ ह्या दोन धातूंचा जोड घेतला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे वितळत्या बर्फात ठेवले. त्यापासून अगदी स्थिर असा प्रवाह मिळाला. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्याने त्यांनी प्रवाह मोजला, आणि १८२६ साली खरा नियम जगापुढे मांडला.

तो नियम आमच्या किनाऱ्यावरील मुलांस सहज समजेल. उंचावरील टाकीतून माडांच्या बागेस नळीने पाणी देताना टाकी जितकी उंच तितके पाणी अधिक येते. नळी जितकी लांब व अरुंद तितके ते कमी येते. विजेचेही तसेच आहे. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. तारेचा रोध दुप्पट केला तर प्रवाह निम्मा होतो. तार तापली की तिचा रोध मात्र बदलतो, एवढे ध्यानात ठेवावे. लांबलचक तारेच्या अगदी टोकाशी असलेल्या वाडीत दिवे मंद का जळतात, ह्याचे उत्तर ह्या नियमातच आहे.

ओहम ह्यांनी १८२७ साली आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने बर्लिन येथे प्रसिद्ध केला. त्यायोगे विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांस आशा होती; पण ग्रंथाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. निराश होऊन १८२८ साली त्यांनी नोकरी सोडली, आणि १८३३ साली न्यूरेंबर्ग येथे अध्यापकाची जागा मिळेपर्यंत बर्लिनमध्ये तुटपुंज्या शिकवणीवर दिवस काढले. अखेर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस कोप्ले पदक अर्पण केले. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली. अवघ्या दोन वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या नियमाचे फळ पुढे सर्व जगाने चाखले. सन १८७९ मध्ये एडिसन ह्यांनी दिव्यासाठी मुद्दाम अधिक रोधाचा बारीक तंतू निवडला. रोध अधिक म्हणून प्रवाह थोडा, आणि प्रवाह थोडा म्हणून गावभर नेण्याच्या तांब्याच्या तारा बारीक असल्या तरी पुरेशा. आमच्या घरांत २३० व्होल्ट दाबावर जळणाऱ्या ६० वॉटच्या तंतूच्या दिव्यातून सुमारे पाव अँपिअर प्रवाह वाहतो, व तापलेल्या टंगस्टनच्या तंतूचा रोध सुमारे ८८० ओहम असतो. तोच तंतू थंड असताना रोध दहा ते पंधरा पटींनी कमी असतो. म्हणून बटण दाबताच क्षणभर मोठा प्रवाह धावतो, आणि जुना दिवा बहुधा त्याच क्षणी जातो. हे दिवे आता मागे पडून घरोघरी एल. ई. डी. दिवे आले आहेत. तरी विजेच्या इस्त्रीत आणि शेगडीत तापलेल्या तारेचा रोधच आमचे काम करीत आहे.

रोध मोजण्याच्या परिमाणास १८८१ साली पॅरिस येथील विद्युत्परिषदेने ओहम हे नाव दिले. हा मान पाहावयास ते हयात नव्हते. परंतु आपली चूक दिसताच ती सुधारून पुन्हा पहिल्यापासून मोजावयास बसणे, हे त्यांनी कोणी शाबासकी देण्यापूर्वीच केले होते. विद्यार्थ्यांनी हे त्यांच्यापासून शिकावे. आणि स्वतः शाळा न पाहताही मुलांस घरी शिकविणाऱ्या त्या कारागीर पित्याची आठवण पालकांनी ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.