पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती



बारावीचा निकाल लागला की आपल्या राणीसावरगावात पेढे वाटले जातात, आणि त्याच रात्री जेवणे आटोपल्यावर आई-वडिलांत फीचा विषय निघतो. गंगाखेड, परभणी की नांदेड, हा प्रश्न नंतरचा. कॉलेजची फी, खोलीचे भाडे, खाणावळ आणि पुस्तके यांचा मेळ कसा घालायचा, हा पहिला प्रश्न. पुष्कळ घरांत तो सुटत नाही आणि हुशार मुलगा कामाला लागतो. मुलगी असेल तर विषय त्या रात्रीच संपतो. शिष्यवृत्ती मागावी म्हटले तर काहींना त्यात कमीपणा वाटतो. अशा सर्व घरांसाठी आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र एका निराळ्या बाजूने पाहू या. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ते शिष्यवृत्तीवर शिकलेले विद्यार्थीही होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, पण निवृत्तीनंतर पेन्शनीवर मोठे कुटुंब चालवणे सोपे नव्हते. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून वडील त्याला रात्री लवकर निजवीत आणि दोनच्या सुमारास उठवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील मुलाने एवढी मजल मारणे त्या काळी अपूर्वच होते.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात इंटर झाल्यावर मात्र वडिलांची ऐपत संपली. येथेच शिक्षण थांबले असते. पण कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाची बुद्धी हेरली होती. त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत शब्द पोहोचवला. महाराजांनी मुलाला बोलावून प्रश्न विचारले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. पालकहो, गुरुजी ना नात्याचे होते ना जातीचे. ते एका मुलासाठी उठून दुसऱ्याच्या दारी गेले, एवढेच त्यांनी केले. तेवढ्याने भीमरावांचे बी.ए. पूर्ण झाले.

१९१३ साली बडोदा संस्थानाने काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले. त्यात भीमरावांची निवड झाली. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडिलांचे छत्र हरपले होते. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, अशी अट होती. दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. एवढ्या पैशात न्यूयॉर्कमध्ये राहायचे, खायचे, फी भरायची आणि घरीही काही पाठवायचे होते. त्यांनी पोटाला चिमटा घेतला, पण पुस्तकांच्या बाबतीत हात आखडला नाही. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली ते एम.ए. झाले. पुढे त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला आणि १९१६ साली लंडन गाठले. तेथे अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यास त्यांनी एकदम सुरू केले.

आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सुदैवाने लंडनमधील शिक्षणसंस्थेने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली होती. त्यांची पुस्तके ज्या मालवाहू बोटीने येत होती, ती बोट महायुद्धाच्या धामधुमीत बुडाली. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. पण अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी राहायला जागा देईना. कचेरीतील शिपाईही त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. राहत्या जागेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि निराश मनाने ते मुंबईला आले. विद्यार्थी मित्रहो, शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सारे सुरळीत होते, असा समज करून घेऊ नका. शिष्यवृत्तीने फी भरली जाते. समाजाच्या मनातले किल्मिष तिने धुतले जात नाही.

मग बाबासाहेबांनी काय केले? १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार चांगला होता, परंतु ते राहिले पूर्वीसारखेच. रमाबाईंनी काटकसरीने घर चालवले आणि दर महिन्याला काही रक्कम बाजूला पडत गेली. तरीही लंडनच्या खर्चाला ती पुरेशी नव्हती. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही हातभार लावला. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तेथे बसत, आणि जेवण मात्र अगदी जेमतेम करीत. १९२१ साली ते एम.एस्सी. झाले, पुढे बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली.

एका राजाची शिष्यवृत्ती, दुसऱ्या राजाची मदत, मित्राचे कर्ज, स्वतःची बचत आणि पत्नीचा त्याग, इतक्या हातांनी मिळून एक विद्वान घडला. कोणतीही एक मदत पुरी पडली नव्हती. म्हणून एक अर्ज नामंजूर झाला की हताश होऊन बसणे बरे नव्हे.

यापुढील भाग मला अधिक मोलाचा वाटतो. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्या काळी अलीगढ आणि बनारस येथील विद्यापीठांना हिंदुस्थान सरकार अनुदान देत असे. त्याकडे बोट दाखवून दलित विद्यार्थ्यांसाठीही सरकारने पैसा द्यावा, अशी लेखी मागणी त्यांनी केली. तीन लाख रुपये मंजूर झाले, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. त्यातून काही तरुण परदेशीही गेले. पंचवीस रुपये घेणाऱ्या विद्यार्थ्याने हजारोंसाठी कायमचा रस्ता तयार केला. घेतलेल्या मदतीची फेड अशीही होऊ शकते.

आणि आपला मराठवाडा? हा प्रदेश तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. पदवी घ्यायची तर मुलांना हैदराबादसारख्या दूरच्या शहरी जावे लागे. ज्याच्याजवळ प्रवासाला आणि खाणावळीला पैसा नाही, त्याचे शिक्षण इंटरलाच संपे. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तेथे वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतील सर्व जातिधर्मांच्या मुलांना पदवीचे दार जवळ आले. १९५३ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

बंधु-भगिनींनो, हे चरित्र वाचून आपण काय करावे? आज शिष्यवृत्तीसाठी महाराजांच्या भेटीची गरज नाही. राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षणशुल्काची, तर डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाहभत्त्याची योजना आहे. बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा इतर मागासवर्गीय यादीतील घरांनी जातीचा दाखला आणि जात पडताळणी वेळेवर करून घ्यावी. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते निकालापूर्वीच तयार ठेवावे. कागद अपुरा असला म्हणजे अर्ज परत येतो आणि मुदत तर कोणासाठी थांबत नाही. योजना बदलतातही. संशोधक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ साली बंद केली. म्हणून ऐकीव माहितीवर न राहता दरवर्षी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारावे.

वजिफा म्हणा की शिष्यवृत्ती, ती मागण्यात लाज नाही. ती वाया घालविण्यात आहे. आणि ज्यांना आज तिची गरज नाही, त्यांनी निदान केळुसकर गुरुजी व्हावे. आपल्या गल्लीतील एखादी हुशार मुलगी यंदा घरी बसणार असेल, तर तिचा अर्ज भरून द्यायला आजच तिच्या घरी जावे.