लाखो कोच आणि एक ‘जनरल’

मंडळी, भारताची क्रिकेट टीम जाहीर झाली की आपल्याकडे गल्लीतला प्रत्येक जण सिलेक्टर होतो. इथे नेदरलँड्समध्ये फुटबॉलचं अगदी तसंच! वर्ल्ड कप किंवा युरो आला की ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी मीही हे वाद ऐकतो, आणि फिरून फिरून एक नाव येतंच: रिनस मिखल्स.

त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२८चा, अ‍ॅमस्टरडॅमचा. आयाक्सकडून १९४६ साली पहिल्याच सामन्यात पठ्ठ्याने पाच गोल ठोकले. खेळणं थांबल्यावर कर्णबधिर मुलांच्या शाळेत व्यायाम शिकवला. १९६५ मध्ये आयाक्सचे कोच झाले आणि १९७१ मध्ये युरोपियन कप जिंकून दिला. शिस्त इतकी कडक, की नाव पडलं ‘जनरल’.

त्यांचं ‘टोटल फुटबॉल’ मला इंजिनिअर म्हणून लगेच पटतं. बॅकअप सर्व्हरसारखं आहे ते: एकाने जागा सोडली की दुसऱ्याने ती ताबडतोब सांभाळायची. जोडीला ऑफसाइडचा सापळा. तेव्हा बचावपटूच्या रेषेत उभा असलेलाही ऑफसाइड धरत (ही सवलत १९९० मध्ये आली), म्हणून सगळा संघ एकदम पुढे धावला की समोरचे अडकलेच!

१९७४च्या वर्ल्ड कपला त्यांच्या निवडीने लोक चक्रावले. गोलकीपर यान योंगब्लूत, वय ३३, सिगारचं दुकान चालवणारा, अंगात ८ नंबरची जर्सी! पण तो गोल सोडून पुढे येई आणि पायाने चांगला खेळे. बचावफळी इतकी पुढे असताना मागची मोकळी जागा सांभाळायला असाच माणूस हवा होता. संघ फायनलला पोचला. म्युनिकला पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा पाय चेंडूला लागण्याआधी डच संघाला पेनल्टी मिळाली, गोल झाला, आणि तरी सामना २-१ने गेला. जखमी रेन्सेनब्रिंकला खेळवायला हवं होतं का, यावर अजून वाद होतो.

१९८८च्या युरोत पहिलाच सामना सोव्हिएत संघाशी हरले. दुखापतीतून सावरलेला वान बास्टेन सुरुवातीला बाकावर होता. पुढच्या सामन्यात मिखल्सनी त्याला पहिल्यापासून उतरवलं, आणि त्याने इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले. सेमीफायनलला पश्चिम जर्मनीला नमवलं, आणि २५ जूनला म्युनिकच्या त्याच स्टेडियममध्ये सोव्हिएत संघाला २-०ने हरवून कप घेतला.

१९९०चं प्रकरण मात्र कडू. खेळाडूंनी मतदान करून कोच म्हणून क्रायफला पसंती दिली. फुटबॉल संघटनेत असलेल्या मिखल्सनी नेमलं बेनहाकरला. संघ एकही सामना न जिंकता परतला. क्रायफ असता तर? या प्रश्नावर आजही इथे दोन तट पडतात.

१९९९ मध्ये फिफाने त्यांना शतकातला सर्वोत्तम कोच ठरवलं. ३ मार्च २००५ रोजी ते गेले.

मला वाटतं, जनरलचं मोठेपण निवड कधी न चुकण्यात नव्हतं. १९८८ मध्ये एका पराभवानंतर त्यांनी संघ बदलला, हट्ट धरून बसले नाहीत. आणि बदल फसला असता तर बोलणी त्यांनाच खावी लागली असती. आपण सोफ्यावरचे कोच! आपली टीम कधी हरतच नाही, कारण ती मैदानात उतरतच नाही. तेव्हा पुढच्या स्पर्धेत भांडूया जरूर, पण उतरवणाऱ्याची जोखीम ध्यानात ठेवून.