मात्रेला चंद्रकोर देणारे पंडित भातखंडे

अमरावती : अमरावती-अकोल्यातील संगीताचे विद्यार्थी परीक्षेसाठी त्रितालाची तिगुन वा आड लय लिहितात, तेव्हा भातखंडे पद्धतीनुसार वहीत मात्रेखाली एक लहानशी चंद्रकोर उमटते. ही खूण रूढ करणारे पंडित विष्णू नारायण भातखंडे पेशाने वकील होते.

१० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. १९०० मध्ये पत्नीचे व १९०३ मध्ये कन्येचे निधन झाल्यावर त्यांनी वकिली सोडून संगीताला वाहून घेतले. त्या काळी बहुतेक बंदिशी गवयांच्या कंठातच होत्या. शिष्य न राहिल्यास गवयाबरोबर त्याची विद्याही लोपत असे. ती कागदावर उतरवणे हाच उपाय होता.

अडचण होती ती लयीची. गवई एका मात्रेत कधी दोन, कधी तीन, तर कधी पाच-सात स्वर घेतो. समकालीन पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्या लिपीत अर्धी, पाव, अष्टमांश अशा कालमानासाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. पाश्चात्त्य लिपीत अशा विषम गटावर तीन वा पाचाचा आकडा घालतात. भातखंडे यांनी प्रत्येक स्वराचे मोल लिहिण्याऐवजी मात्रेची सीमाच आखली. एका कोरीत जितकी स्थाने, तितके मात्रेचे समान भाग. स्वर लांबवायचा असल्यास पुढे आडवी रेघ. एका कोरीत ‘सा - रे’ असल्यास ‘सा’ दोन तृतीयांश मात्रा व ‘रे’ एक तृतीयांश. पाच वा सात स्वरांसाठी निराळे चिन्ह लागत नाही.

या लिपीत त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून हजाराहून अधिक बंदिशी नोंदवल्या. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय (१९१८) व लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

मींड, आवाजाचा लगाव कागदावर उतरत नाही, हा आक्षेप रास्तच होता. गुरूची जागा लिपी घेऊ शकत नाही. मात्र गुरू गेल्यावरही बंदिशीचा सांगाडा तिने टिकवला.

अखेरची वर्षे पक्षाघाताने अंथरुणावर काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजी भातखंडे निवर्तले. वऱ्हाडातील विद्यार्थी आडीतील प्रत्येक कोरीत तीन स्थाने मांडून एकेका बोलाला दोन देतो, तेव्हा तो त्यांचाच हिशेब पुढे चालवत असतो.