ग्रंथपाल रंगनाथन

इ. स. १९२३ सालची गोष्ट. मद्रास विद्यापीठाला आपल्या ग्रंथालयासाठी एक सुयोग्य ग्रंथपाल हवा होता. ग्रंथालयात पुस्तके पुष्कळ होती. परंतु त्यांची मांडणी धड नव्हती. हवे ते पुस्तक सापडणे कठीण आणि सापडलेच, तर ते वेळेवर वाचकाच्या हाती पडणे त्याहून कठीण. दाणे भरपूर असावेत, पण कोठाराची किल्ली हरवलेली असावी, तशी ही स्थिती होती. हे कोठार उघडून देणारा कोणी कर्ता पुरुष मिळावा, म्हणून विद्यापीठाने ग्रंथपालाची नवी जागा निर्माण केली आणि अर्ज मागविले.

सुमारे ९०० अर्ज आले. परंतु या ९०० उमेदवारांत ग्रंथालयाच्या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेला एकही नव्हता. त्या काळी आपल्या देशात अशा शिक्षणाची सोय फार थोड्या ठिकाणी होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आपल्या राज्यात आणविले होते आणि त्यांच्या हातून ग्रंथालयांची घडी बसविली होती. पण असे द्रष्टे राज्यकर्ते विरळाच. मग निवड कोणत्या कसोटीवर करावयाची? ज्याने स्वतः काही संशोधन केले आहे, अशा माणसालाच ही जागा द्यावी, असे निवड समितीने ठरविले होते. या कसोटीला उतरले ते एका महाविद्यालयात गणित शिकविणारे एकतीस वर्षांचे तरुण अध्यापक. त्यांचे नाव शियाळी रामामृत रंगनाथन.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यात, तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. भोसले कुळाच्या राज्यामुळे तंजावर हे नाव महाराष्ट्राला परिचितच आहे. रंगनाथन सहा वर्षांचे असतानाच त्यांचे वडील निवर्तले. लहानपणापासून त्यांची वाणी अडखळत असे. एखाद्या मुलाने अशा व्यंगामुळे खचून जाऊन चारचौघांत बोलणेच टाळले असते. रंगनाथन यांनी मात्र चिकाटीने आपल्या वाणीवर ताबा मिळविला आणि पुढे ज्या व्यवसायात दिवसभर बोलावेच लागते, तो शिक्षकाचा व्यवसाय पत्करला.

मद्रासच्या ख्रिश्चन महाविद्यालयात त्यांनी उच्च शिक्षण घेतले. तेथे एडवर्ड रॉस या प्राध्यापकांनी त्यांना गणिताची गोडी लावली. १९१६ साली रंगनाथन गणित विषयात एम्. ए. झाले. पुढे मंगळूर, कोइमतूर आणि मद्रास येथील शासकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. फळ्यासमोर उभे राहून एखादे अवघड प्रमेय उलगडावे आणि समोरच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत समजुतीचा प्रकाश चमकलेला पाहावा, यातच त्यांचा खरा आनंद होता.

ग्रंथपालाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता खरा. पण त्यांचे मन त्या कामात नव्हते. मुलाखतीचे बोलावणे आले, तोवर अर्जाची गोष्ट ते विसरूनही गेले होते. ग्रंथालयाचा कारभार कसा चालतो, याची त्यांना काहीच माहिती नव्हती. मुलाखतीला काही दिवस उरले असता त्यांनी एका इंग्रजी ज्ञानकोशातील ग्रंथालयांवरील लेख वाचून काढला. एवढीच त्यांची तयारी! तरीही निवड झाली ती त्यांचीच. या निवडीचे सर्वांत अधिक आश्चर्य खुद्द रंगनाथन यांनाच वाटले.

जानेवारी १९२४ मध्ये ते कामावर रुजू झाले आणि लगेच त्यांचे मन उदास झाले. महाविद्यालयात त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा गराडा असे. येथे पुस्तकांच्या मूक रांगा तेवढ्या होत्या. कोणी शंका विचारीत नव्हते, कोणी हुज्जत घालीत नव्हते. दिवस सरता सरत नसे. एखाद्या बंदिशाळेत आपल्याला कोंडून ठेवले आहे, असे त्यांना होऊन गेले. काही आठवडे त्यांनी कसेबसे काढले. अखेर ते विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि आपल्याला पुन्हा गणित शिकविण्याच्या कामावर जाऊ द्यावे, अशी त्यांनी कळकळीची विनंती केली.

त्या अधिकाऱ्यांपुढे हा मोठाच पेच होता. ९०० अर्जांतून निवडलेला माणूस काही आठवड्यांतच परत जाऊ म्हणत होता. त्याला रागावून जबरदस्तीने ठेवून घेतले असते, तर तो मन मारून राहिला असता. तत्काळ मुक्त केले असते, तर ग्रंथालय पुन्हा पोरके झाले असते. त्यांनी तिसरा मार्ग काढला. रंगनाथन यांनी आधी इंग्लंडला जावे, तेथील ग्रंथालयांचे काम शिकावे व डोळ्यांनी पाहावे. परत आल्यानंतरही या कामात त्यांचे मन रमले नाही, तर गणिताची जागा त्यांना पुन्हा मिळेल, असे ठरले. रंगनाथन यांनी ही तडजोड मान्य केली आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले.

तेथे विश्वविद्यालयाच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालांना शिक्षण देणारी शाळा होती. परीक्षेत रंगनाथन यांनी फार मोठा पराक्रम गाजविला, असे नाही. त्यांचे गुण सामान्यांहून किंचितच अधिक होते. पण शाळेबाहेर जे त्यांना दिसले, त्याने त्यांची दृष्टी पालटली. त्यांनी इंग्लंडमधील शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. तेथे मुलांसाठी निराळी दालने होती. दिवसभर गिरणीत राबणारे कामगार संध्याकाळी पुस्तके घेऊन जात होते. ग्रंथालय म्हणजे केवळ पुस्तकांची वखार नव्हे, तर साऱ्या समाजाची ती शाळा आहे, हे त्यांना तेथे उमगले. ज्या एकांताला कंटाळून ते पळू पाहत होते, तो एकांत ग्रंथालयाचा गुण नसून ग्रंथालय नीट न चालविण्याचा दोष होता!

दुसरी एक गोष्ट त्यांच्या गणिती बुद्धीला सारखी टोचत होती. पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण करण्याच्या ज्या पद्धती त्या वेळी रूढ होत्या, त्यांत प्रत्येक विषयासाठी आधीच एक ठरावीक खण नेमून दिलेला असे. परंतु ज्ञान तर रोज वाढते. दोन-चार विषयांचा संगम करणारे एखादे नवे पुस्तक आले, की ते कोणत्या खणात घालावे, हा प्रश्न पडे. या प्रश्नाचे उत्तर त्यांना अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाले. लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मुलांचे एक खेळणे पाहिले. त्यात धातूच्या भोके पाडलेल्या पट्ट्या, चाके, दोऱ्या आणि स्क्रू होते. तेच सुटे भाग निरनिराळ्या रीतींनी जोडून त्यांतून कधी गाडी, तर कधी पूल, तर कधी यारी तयार करता येत असे. रंगनाथन यांच्या मनात एकदम प्रकाश पडला. पुस्तकाच्या विषयाचेही असे सुटे भाग पाडता येतील! भातपिकाच्या रोगांवरील पुस्तक घेतले, तर त्यात शेती, भात आणि रोग असे भाग आहेत. प्रत्येक भागाला एक खूण द्यावी आणि त्या खुणा जोडून पुस्तकाचा क्रमांक सिद्ध करावा. मग कितीही नवा विषय येवो, त्याला जागा मिळणारच. हे भाग जोडण्यासाठी त्यांनी दोन टिंबांच्या विरामचिन्हाचा उपयोग केला, म्हणून या पद्धतीला द्विबिंदू वर्गीकरण असे नाव पडले.

१९२५ साली ते स्वदेशी परतले. बोटीवरच्या प्रवासातही ते स्वस्थ बसले नाहीत. बोटीवरील छोट्या ग्रंथसंग्रहाची मांडणी करून त्यांनी आपल्या कल्पनेची परीक्षा घेतली. मद्रासला पाऊल ठेवले, तेव्हा गणिताच्या जागेचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडाच होता. पण त्या दरवाजाकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही.

पुढील वीस वर्षे त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वाहिली. ना रविवार, ना सुट्टी. रोज बारा-तेरा तास काम चाले. वाचकांना फडताळांपर्यंत मोकळेपणाने जाऊन पुस्तके हाताळता यावीत, अशी व्यवस्था त्यांनी केली. आलेल्या वाचकाला काय हवे आहे हे आपुलकीने विचारून ते मिळवून देणारे सेवक त्यांनी तयार केले. १९२८ साली त्यांच्या पुढाकाराने मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली व पुढच्याच वर्षी ग्रंथपालांना शिक्षण देणारा वर्ग सुरू झाला. आपल्या निवडीच्या वेळी ९०० जणांत एकही शिकलेला ग्रंथपाल नव्हता, ही उणीव त्यांनी स्वतःच भरून काढण्यास आरंभ केला! १९३६ साली ग्रंथालयाला समुद्रकिनाऱ्यावर स्वतःची प्रशस्त वास्तू लाभली.

याच काळात त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. पुस्तके ही जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, हा पहिला नियम. तो त्यांचे जुने गुरू रॉस यांनी सहज बोलता बोलता सुचविला होता. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हे पुढील तीन नियम. ग्रंथालय ही सतत वाढत जाणारी सजीव संस्था आहे, हा पाचवा. नियम किती साधे! पण जगभरच्या ग्रंथपालांनी ते शिरोधार्य मानले. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीही ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

१९४५ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या आमंत्रणावरून रंगनाथन काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गेले. वय त्रेपन्न वर्षांचे. तरीही तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी बव्हंशी एकट्याने, अवघ्या दीड वर्षात केले. त्यानंतर दिल्ली विद्यापीठात त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला. खेड्यापाड्यांतील सामान्य माणसालाही ग्रंथ मिळाले पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९४८ साली मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. पुढे इतर राज्यांनीही असे कायदे केले. महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली झाला.

त्यांची राहणी अतिशय साधी होती. आयुष्यभर काटकसर करून साठविलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले आणि त्या अध्यासनाला आपल्या पत्नीचे, शारदाबाईंचे नाव दिले. १९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला आणि १९६५ साली राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांचा गौरव केला. १९६२ साली बंगलोर येथे त्यांनी संशोधन व शिक्षणाचे एक केंद्र उभारले. त्याच नगरीत २७ सप्टेंबर १९७२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

रंगनाथन यांना पहिल्याच दिवशी आपल्या कामाची गोडी लागली नव्हती. ते काम त्यांनी नीट पाहिले, समजून घेतले आणि मग जिवापाड प्रिय मानले. ज्या निवड समितीने अनुभवापेक्षा शोधक बुद्धीला अधिक महत्त्व दिले आणि ज्या अधिकाऱ्यांनी कंटाळलेल्या तरुणाला दोष न देता शिकण्याची संधी दिली, त्यांचाही या यशात वाटा आहे. शाळेच्या ग्रंथालयात मागितलेले पुस्तक क्षणात हाती येते, तेव्हा त्यामागे कोणाचे तरी असे अबोल कष्ट असतात, हे मुलांनी विसरू नये.